वादळानंतरचे विद्यापीठ

विद्यालय म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आपले बोट सहजच इमारतीकडे वळते. फाटक, पटांगण, वर्गांची रांग, घंटा आणि ग्रंथालयातील कपाटे एवढे डोळ्यांपुढे आले, की शाळा डोळ्यांपुढे उभी राहिली असे आपणांस वाटते. सुखाच्या दिवसांत हे उत्तर पुरतेही. परंतु एखाद्या दिवशी त्या पटांगणात कमरेइतके पाणी चढले, कपाटे उलथली, घंटा वाजविणारा शिपाईही गाव सोडून गेला आणि विद्यार्थी दाही दिशांना पांगले, तर त्या वेळी शाळा कोठे असते? बुडालेल्या इमारतीत, की पांगलेल्या मुलांच्या मनात?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या शहरातील विद्यापीठांना तो २००५ साली प्रत्यक्ष सोडवावा लागला. त्यांना कोठे यश आले आणि कोठे उणे राहिले, याचा विचार आपल्यासारख्या लहान शाळांनीही करावा असे आम्हांस वाटते. आमचे मत प्रारंभीच सांगून टाकतो. वादळात मोडलेली भिंत पैशाने उभी राहते. पांगलेला विद्यार्थिवर्ग मात्र केवळ पैशाने परत येत नाही. त्यासाठी संकटापूर्वीची तयारी, संकटकाळी शेजाऱ्यांचा आधार आणि संकटानंतर आपल्याच माणसांशी पाळलेला न्याय, या तीन गोष्टी लागतात. आणि या तिहींत तिसरी सर्वांत कठीण आहे.

प्रथम त्या वादळाची ओळख करून घेऊ. आपल्या बंगालच्या उपसागरात व अरबी समुद्रात ज्यास आपण चक्रीवादळ म्हणतो, त्यासच अटलांटिक महासागरात व मेक्सिकोच्या आखातात ‘हरिकेन’ म्हणतात. समुद्राचे पाणी तापले, की त्याची वाफ वर चढते; ती थंड होऊन तिचे पाणी होताना जी उष्णता मोकळी होते, तीच या वादळाचे इंधन ठरते. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटरपर्यंत पोहोचला, म्हणजे वादळास हरिकेन हे नाव मिळते. २००५ च्या ऑगस्टअखेर मेक्सिकोच्या आखातात असेच एक वादळ वाढीस लागले. त्याचे नाव ‘कॅट्रिना’.

न्यू ऑर्लिन्स शहराची जागा मोठी विलक्षण आहे. एका बाजूस मिसिसिपी नदी, दुसऱ्या बाजूस पॉन्चरट्रेन नावाचे विस्तीर्ण सरोवर, आणि मध्ये बशीसारखी खोलगट वस्ती. शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांध, पूरभिंती आणि पावसाचे पाणी उपसणारे पंप यांच्या भरवशावरच ते शहर जगते. नदीने युगानुयुगे गाळ टाकून तयार केलेला काठ तेवढा उंच आहे. या बशीच्या निरनिराळ्या भागांत शहरातील विद्यापीठे वसलेली आहेत. त्यांतील टुलेन विद्यापीठाची परंपरा १८३४ साली निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचते. त्याच्या आवाराचा पुढचा भाग नदीकाठच्या उंच जमिनीकडे आहे, तर मागचा भाग उतरत उतरत बशीच्या तळाकडे जातो. हा उतार पायी चालणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. पाण्याच्या मात्र तो बरोबर ध्यानात येतो.

२७ ऑगस्ट, शनिवार. टुलेनमध्ये नवे विद्यार्थी वसतिगृहात दाखल होण्याचा तो दिवस. आईबाप मुलांच्या गाद्या, दिवे, पुस्तके घेऊन दूरदूरच्या गावांहून आले होते. त्याच दिवशी अध्यक्ष स्कॉट कोवेन यांनी त्यांना सांगितले, की सामान ठेवा आणि संध्याकाळपर्यंत शहर सोडा. काही दिवसांत पुन्हा भेटू. ज्यांना जाण्यास दुसरी जागा नव्हती असे सुमारे सहाशे विद्यार्थी बसगाड्यांनी शेजारच्या मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथील विद्यापीठात नेण्यात आले. ‘काही दिवस’ हे शब्द त्या वेळी सर्वांनाच खरे वाटले असतील. प्रत्यक्षात त्या मुलांपैकी कोणीही पुढचे साडेचार महिने आपल्या वर्गात बसू शकले नाही.

२९ ऑगस्टच्या सकाळी वादळ किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याने झाडे पाडली, छपरे उडविली. पण शहराचा खरा घात वाऱ्याने केला नाही. शहरातील कालव्यांच्या पूरभिंती ठिकठिकाणी फुटल्या आणि सरोवराचे पाणी वस्तीत शिरले. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्या संपूर्ण प्रदेशात हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. यांतील पुष्कळशी वृद्ध व गरीब होती, हे विसरून चालणार नाही. कारण शहर सोडा असे सांगणे सोपे असते, पण ज्याच्याजवळ मोटार नाही, पैसा नाही आणि परगावी नातेवाईक नाहीत, त्याने ते कसे सोडावे? पुढे ज्या न्यायाविषयी आम्ही लिहिणार आहोत, त्याचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

विद्यापीठांची स्थितीही जिच्यातिच्या जागेप्रमाणे झाली. टुलेनच्या मुख्य आवाराचा सुमारे दोनतृतीयांश भाग पाण्यात गेला. अध्यक्ष कोवेन काही सहकाऱ्यांसह आवारातच अडकले होते. काही दिवसांनी ते बाहेर पडून ह्यूस्टनला पोहोचले आणि तेथील परक्या जागेत त्यांनी विद्यापीठाची कचेरी मांडली. झेव्हियर विद्यापीठाच्या वसतिगृहात शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली व सुटकेची वाट पाहत राहिली. डिलार्ड विद्यापीठाच्या आवारात तर पाण्याबरोबर आगही लागली आणि वसतिगृहाच्या इमारती जळून गेल्या. तेथील अध्यक्षा मार्व्हलीन ह्यूज यांनी सूत्रे हाती घेऊन त्या वेळी दोन महिनेही झाले नव्हते. झेव्हियर आणि डिलार्ड ही दोन्ही कृष्णवर्णीय समाजासाठी स्थापन झालेली विद्यापीठे. ज्या समाजास शिक्षणाचे दार एके काळी बंद होते, त्याच्यासाठी कष्टाने उभारलेली ही दारे पाण्याने एका दिवसात मोडली.

पाणी ओसरले म्हणजे संकट सरले, असे दुरून पाहणाऱ्यास वाटते. पूर पाहिलेल्या माणसास तसे वाटणार नाही. पाणी गेल्यावर चिखल उरतो; चिखल गेल्यावर ओल उरते; आणि ओलीवर बुरशी चढते. उष्ण व दमट हवेत, वीज बंद असलेल्या इमारतीत, ओल्या कागदावर बुरशी धरावयास दोनतीन दिवस पुरतात. टुलेनच्या मुख्य ग्रंथालयाचे तळघर पाण्याने भरले होते. त्या तळघरात संगीतविषयक ग्रंथसंग्रह होता, शासकीय कागदपत्रे होती आणि वृत्तपत्रांच्या सूक्ष्मचित्रफितींचा साठा होता. ओले ग्रंथ उन्हात पसरून वाळविता येतील एवढ्या संख्येने नव्हते. ते लाखांच्या हिशेबात होते. अशा वेळी ग्रंथ आधी गोठवितात. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. मग निर्वात पेटीत ठेवून त्यांतील बर्फाची एकदम वाफ करतात, म्हणजे पाणी न होता ओल निघून जाते आणि पाने एकमेकांस चिकटत नाहीत. या रीतीने पुष्कळ ग्रंथ वाचले, पुष्कळ गेले. पुढे त्याच ग्रंथालयावर दोन नवे मजले चढविण्यात आले, ते २०१६ साली पुरे झाले. तळघरातील खजिना माथ्यावर नेण्यास अकरा वर्षे लागली आणि एक महापूर यावा लागला.

येथे आमचा पहिला मुद्दा येतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपण सर्वांनी पाठ केली आहे. तरी आपल्या संस्थांची वागणूक बहुधा विहीर खणण्याचीच असते. टुलेन हे मोठे, संपन्न विद्यापीठ होते. वादळात शहर सोडण्याची योजना त्याच्याजवळ होती आणि ती उपयोगीही पडली; वसतिगृहे वेळेवर रिकामी झाली. परंतु ती योजना चार दिवसांची होती, चार महिन्यांची नव्हती. कोणत्या विद्यार्थ्याची किती परीक्षा झाली आहे, कोणत्या नोकरास किती वेतन द्यावयाचे आहे, याच्या नोंदी असलेल्या संगणकाच्या फिती शहरातच अडकून पडल्या होत्या. त्या सोडवून आणण्यासाठी माणसे पुन्हा त्या पाण्याने वेढलेल्या शहरात पाठवावी लागली. विद्यार्थ्यांस एकत्र बांधणारे एकच साधन उरले होते, ते म्हणजे इंटरनेटवरील विद्यापीठाचे संकेतस्थळ. त्यावरून अध्यक्ष आपल्या पांगलेल्या कुटुंबास वार्ता कळवीत. शाळेचा पट म्हणजे शाळेचा श्वास होय. इमारत गेली तरी पट वाचला, तर कोणास हाक मारावयाची हे तरी कळते.

परंतु हाक मारण्यासही जागा हवी, आणि हाक ऐकेपर्यंत मुलांना कोणी तरी सांभाळले पाहिजे. हा आमचा दुसरा मुद्दा. टुलेनने पहिले सत्र रद्द केल्याचे जाहीर केले. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर ते विद्यापीठ असे प्रथमच बंद पडले होते. मग त्या हजारो विद्यार्थ्यांनी करावे काय? या वेळी अमेरिकेतील इतर विद्यापीठांनी जे केले, त्याचा आम्हांस सर्वाधिक आदर वाटतो. देशभरच्या सुमारे सहाशे महाविद्यालयांनी एकट्या टुलेनच्या विद्यार्थ्यांस आपल्या वर्गांत जागा दिली. सत्र सुरू झालेले होते, बाके भरलेली होती, तरी जागा झाली. पुष्कळांनी फी घेतली नाही. मुलांनी आपल्या मूळ विद्यापीठास दिलेली फी तेथेच राहू द्यावी, म्हणजे ते विद्यापीठ जगेल, असा विचार त्यामागे होता. टुलेनच्या वैद्यकीय महाविद्यालयास ह्यूस्टनमधील बेलर वैद्यकीय महाविद्यालयाने आश्रय दिला. बॅटन रूज येथील लुइझियाना राज्य विद्यापीठाने तर आपल्या बास्केटबॉलच्या भव्य क्रीडागृहाचे रुग्णालय केले, आणि तेथील विद्यार्थी रुग्णांच्या शुश्रूषेस उभे राहिले. ज्या ठिकाणी काल जयघोष चालत होते, तेथे खाटांच्या रांगा लागल्या.

या औदार्यातील एक बारकावा आम्हांस फार मोलाचा वाटतो. त्या महाविद्यालयांनी ही मुले पाहुणे म्हणून घेतली. आपल्या पटावर कायमची चढवून घेतली नाहीत. ‘तुमचे सत्र येथे पुरे करा, गुण घेऊन जा, आणि तुमचे विद्यापीठ उघडले की तेथे परत जा,’ असा सर्वसाधारण संकेत ठरला होता. विचार करा, गुणी विद्यार्थी आयताच दारी आला असता त्यास ठेवून घेण्याचा मोह कोणास होणार नाही? परंतु बुडत्या शेजाऱ्याचे मूल सांभाळणे ही एक गोष्ट आहे आणि ते आपलेसे करून टाकणे ही दुसरी. पहिली मदत आहे. दुसरीस काय नाव द्यावे ते वाचकांनीच ठरवावे. शेजारधर्माची ही मर्यादा पाळली गेली, म्हणूनच १७ जानेवारी २००६ रोजी टुलेन पुन्हा उघडले तेव्हा दहांपैकी जवळजवळ नऊ विद्यार्थी परत आले.

मात्र केवळ विद्यार्थी आले म्हणून विद्यापीठ सुरू होत नाही. प्राध्यापकांची घरे बुडाली होती, दुकाने बंद होती, मुलांच्या शाळा बंद होत्या. ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या मुलास शाळा नाही, तो शहरात परत कसा येणार? हे ओळखून टुलेनने शहरातील एका सार्वजनिक शाळेस साह्य देऊन ती सुरू करण्यास हातभार लावला. विद्यापीठ हे गावापासून तोडलेले बेट नाही. गावातील नळ, दिवा, दवाखाना आणि प्राथमिक शाळा यांच्या खांद्यावरच ते उभे असते.

ज्या संस्थांकडे टुलेनएवढा पैसा नव्हता, त्यांची जिद्द याहूनही मोठी म्हणावी लागेल. डिलार्डचे आवार वापरण्याजोगे नव्हते, तर त्यांनी २००६ च्या जानेवारीत नदीकाठच्या एका मोठ्या हॉटेलातच वर्ग भरविले. विद्यार्थी तेथेच राहत आणि तेथेच शिकत. ज्या दालनांत व्यापाऱ्यांच्या सभा आणि मेजवान्या व्हावयाच्या, तेथे गणित आणि इतिहास शिकविला गेला. त्या वर्षीचा पदवीदान समारंभ मात्र त्यांनी जुलैमध्ये आपल्याच मोडक्या आवारात, जुन्या ओक वृक्षांच्या सावलीत केला. झेव्हियरचे अध्यक्ष नॉर्मन फ्रान्सिस १९६८ पासून त्या पदावर होते. त्यांनीही जानेवारीतच विद्यापीठ उघडले, आणि गेलेले सत्र भरून काढण्यासाठी ऑगस्टपर्यंत अखंड अध्यापन चालविले. दक्षिण विद्यापीठाच्या न्यू ऑर्लिन्स शाखेचे वर्ग तर तात्पुरत्या ट्रेलर-घरांत भरले. सरोवराच्या काठी असलेल्या न्यू ऑर्लिन्स विद्यापीठाने २००५ च्या ऑक्टोबरमध्येच, शहराबाहेरच्या जागांत आणि संगणकाद्वारे, शिकविण्यास प्रारंभ केला. हे सर्व वाचताना आम्हांस वाटते, की वर्ग भरण्यासाठी शिकविणारा, शिकणारा आणि दोघांची इच्छा एवढेच अगदी अपरिहार्य आहे. बाकीचे सारे सोयीचे आहे.

आता तिसऱ्या, कठीण मुद्द्याकडे वळू. वादळानंतर पैशाची ओढाताण अटळ असते. टुलेनचे नुकसान ६५ कोटी डॉलरांहून अधिक असल्याचे सांगण्यात आले. डिसेंबर २००५ मध्ये विद्यापीठाने ‘पुनरुज्जीवन योजना’ जाहीर केली. तिच्या अन्वये सुमारे २३० अध्यापकांना कमी करण्यात आले, त्यांतील बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालयातील होते. स्थापत्य, यंत्र आणि विद्युत् या अभियांत्रिकी शाखा बंद होणार असे ठरले. निम्मे क्रीडासंघ स्थगित झाले. स्त्रियांसाठी १८८६ साली एका मातेने आपल्या मृत कन्येच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून निघालेले न्यूकम महाविद्यालय स्वतंत्र राहिले नाही. ते एका नव्या एकत्र महाविद्यालयात विलीन करण्यात आले. देणगी देणाऱ्या बाईंच्या वारसांनी त्याविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. अमेरिकेतील प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने २००७ साली न्यू ऑर्लिन्समधील काही विद्यापीठांच्या व्यवस्थापनांवर जाहीर ठपका ठेवला; त्यांत टुलेनही होते. अध्यापकांस कमी करताना त्यांच्याशी पुरेसा विचारविनिमय झाला नाही आणि ठरलेले नियम पाळले गेले नाहीत, असे त्या संघटनेचे म्हणणे होते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. व्यवस्थापन म्हणत होते, की घर जळत असताना सभा भरवून ठराव करीत बसता येत नाही. आज हात कापला नाही तर उद्या देह राहणार नाही. यात तथ्य आहे. टुलेनने वादळानंतर काही महिने वर्ग बंद असतानाही पूर्णवेळ नोकरांचे वेतन चालू ठेवले होते, हेही त्याच्या पक्षी सांगितले पाहिजे. आणि विद्यापीठ तगले, वाढले, हेही खरे.

तथापि आमचे मत असे आहे, की संकटकाळी निर्णय जलद घ्यावा लागतो म्हणूनच तो उघडपणे घेण्याची गरज अधिक असते. ज्याचे घर पाण्यात गेले, त्याचीच नोकरीही जावी, आणि ती का गेली हे त्यास समजावून सांगणारे कोणी नसावे, यासारखे दुःख नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. संस्था वाचविण्यासाठी त्याग करावा लागत असेल, तर तो कोणी करावयाचा, हे ठरविताना त्याग करणाऱ्यासही त्या बैठकीत एक खुर्ची असली पाहिजे. वादळ सर्वांवर सारखे येते असे म्हणण्याची पद्धत आहे. ते खरे नाही. वारा सारखा असतो. पाणी उताराकडे जाते. समाजातही उतार असतो, आणि संस्थेतही असतो. त्या उताराच्या तळाशी कोण उभे आहे याकडे ज्याचे लक्ष राहते, तोच खरा पुनरुज्जीवक होय.

याची साक्ष न्यू ऑर्लिन्समधीलच दुसरे उदाहरण देते. टुलेनचे बहुसंख्य विद्यार्थी परगावचे होते. त्यांची घरे न्यूयॉर्कला किंवा टेक्ससला सुरक्षित होती. म्हणून ते परत येऊ शकले. न्यू ऑर्लिन्स विद्यापीठाचे विद्यार्थी मुख्यतः त्याच शहरातील, नोकरी करून शिकणारे, साध्या घरांतील होते. त्यांची घरेच राहिली नव्हती. वादळापूर्वी त्या विद्यापीठात सुमारे १७ हजार विद्यार्थी होते. वादळानंतर ती संख्या एकदम बारा हजारांच्या आत आली आणि पुढे पूर्वीचा आकडा पुन्हा कधीच गाठला गेला नाही. डिलार्डमध्येही पहिल्या सत्रास निम्म्याच्या आसपास विद्यार्थी परतले. जे विद्यापीठ सर्वांच्या आधी, ऑक्टोबरमध्येच सुरू झाले, तेच इतके रोडावले, ही गोष्ट मन विषण्ण करणारी आहे. तेथील शिक्षकांच्या जिद्दीत काही उणे नव्हते. परंतु विद्यार्थ्याचे घर उभे राहिल्याशिवाय त्याची शाळा उभी राहत नाही. म्हणून ‘विद्यापीठ उघडले’ या वार्तेने आनंदित होताना आपण नेहमी आणखी एक प्रश्न विचारावा: ते कोणासाठी उघडले, आणि कोण बाहेर राहिले?

या आपत्तीतून काही चांगलेही निपजले, ते न सांगणे अन्यायाचे होईल. २००६ पासून टुलेनने आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यांस लोकसेवा सक्तीची केली. शहराच्या शाळांत शिकविणे, मोडकी घरे उभारण्यास हात लावणे, दवाखान्यांत साह्य करणे, हे तेथे अभ्यासक्रमाचाच भाग झाले. ज्या शहराच्या खांद्यावर आपण उभे आहो त्यास काही परत द्यावयाचे असते, हा धडा त्या विद्यापीठाने पाण्याकडून घेतला. पुढे २९ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे बरोबर सोळा वर्षांनी, ‘आयडा’ नावाचे दुसरे प्रबळ हरिकेन त्याच राज्यावर आले. त्या वेळी सुधारलेल्या बांधांनी शहरास तारले. सर्व शहराची वीज गेली, तरी विद्यार्थ्यांस दोनच दिवसांनी बसगाड्यांतून ह्यूस्टनला नेण्यात आले, काही आठवडे संगणकाद्वारे वर्ग चालले आणि महिन्याभराच्या सुमारास आवार पुन्हा गजबजले. पूर्वी साडेचार महिने लागले होते. वादळ टळत नाही. त्यातून सावरण्याचा काळ मात्र तयारीने कमी होतो.

वाचकहो, आता आपल्या घराकडे पाहू. आमच्या बडोद्यास समुद्र नाही. पण विश्वामित्री आहे. २०१९ च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टअखेर तिने शहरास कसे वेढले होते, हे येथील घराघरांत ठाऊक आहे. धोक्याची पातळी २५ फुटांची. २०२४ मध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेले. बेळगावकडील मंडळींनी २०१९ च्या ऑगस्टमधील पूर पाहिला आहे आणि गोव्याच्या बांधवांनी २०२१ च्या मेमध्ये ‘ताउक्ते’ चक्रीवादळ पाहिले आहे. तेव्हा हा विषय सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

त्यातही महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांस या विषयाचे महत्त्व दुप्पट आहे. आपल्या शाळांचा पट आधीच मोठा नाही. समजा, एखादी मराठी शाळा पुराने तीन महिने बंद पडली. मुले नजीकच्या दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत जातील. जावेच लागेल, कारण वर्ष वाया घालविणे कोणास परवडत नाही. परंतु तीन महिन्यांनी ती परत येतील काय? न्यू ऑर्लिन्स विद्यापीठाचा अनुभव सांगतो, की सारी येणार नाहीत. पुराचे पाणी आठवड्यात उतरेल, पण वर्गातील रिकामी बाके तशीच राहतील. आणि एका पिढीची मराठी वाचण्याची सवय त्या बाकांबरोबर जाईल. ही भीती व्यक्त करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. त्यांस फार पैसा लागत नाही. शाळेच्या पटाची आणि गुणपत्रकांची एक प्रत वरच्या मजल्यावर व एक प्रत दुसऱ्या गावी असावी. ग्रंथालयातील जे जुने मराठी ग्रंथ आता बाजारात मिळत नाहीत, ते सर्वांत खालच्या फळीवर कधीही ठेवू नयेत; फळी बदलण्यास एक दुपार पुरते. नजीकच्या शाळांशी, त्या कोणत्याही माध्यमाच्या असोत, शांततेच्या दिवसांतच बोलून ठेवावे, की संकटात एकमेकांची मुले पाहुणी म्हणून सांभाळू आणि परत पाठवू. वरच्या इयत्तेतील प्रत्येक विद्यार्थ्याकडे खालच्या इयत्तेतील पाच मुलांची घरे सोपवावीत. पाणी चढले तर ती मुले कोठे गेली, हे त्याला ठाऊक असावे. आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत आग्रहाने सांगावयाचे ते हे, की शाळा पुन्हा उघडल्यावर हजेरी घेताना जे नाव पुकारले असता उत्तर आले नाही, त्या घरी कोणी तरी गेले पाहिजे. बहुधा ते घर नदीकाठच्या सखल वस्तीत असेल. तेथे वह्या नसतील, गणवेश नसेल, कदाचित भिंतही नसेल. त्या मुलास परत वर्गात आणून बसविल्याखेरीज शाळा पुन्हा सुरू झाली असे कोणी म्हणू नये.

ही कामे संस्थाचालकांची आहेत तशी पालकांची आहेत, आणि विद्यार्थ्यांचीही आहेत. पावसाळा दर वर्षी येतो. पुढचा येण्यापूर्वी यांतील निम्मी कामे जरी पुरी झाली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.